पंच्याऐंशी सेंटीमीटर

तिबिलिसीच्या या टोकाला लिफ्टला नाणं लागतं.
टाकलं. सहाव्यावर येऊन ती रुसली.
सातवा मजला पायीच चढलो,
हातात ड्रिल, काखेत स्टीलचा दांडा,
खिशात चिठ्ठी: नाझिब्रोला गुलबानी, वय त्र्याऐंशी,
न्हाणीघरात आधार बसवणे,
पैसे इटलीहून, लेकीचे.

दार साखळीपुरतंच उघडलं.
"मी पडलेले नाही," ती म्हणाली,
मी तोंड उघडायच्या आत.

मला सवय आहे.
कुणीच पडलेलं नसतं.
कुणाचा गालिचा सरकलेला असतो,
कुणाचं मांजर मधे आलेलं,
आणि मनगटावरचं हिरवं-पिवळं
ते कपाटाच्या दाराचं.

आत खिडकीला द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा,
कोपऱ्यात तिपाई, तिच्यावर दुर्बीण, तिच्यावर टॉवेल.
डोंगरातले रस्ते मोजायची म्हणे ही,
एकतीस वर्षं, बर्फ वितळला की निघायचं,
खेचरं, खुंट्या, आणि मागून चालणारे
तिच्याहून थोराड, तिला भिणारे पुरुष.

मी फरशीवर पेन्सिलीची खूण केली.
तिनं माझ्या हातून पाणसळ काढून घेतली.
"कुणाची उंची धरलीस?"
"सगळ्यांची. पुस्तकात असते."
"सगळे इथे आंघोळ करत नाहीत."

मग दिवा घालवला तिनं.
डोळे मिटून, कपड्यांनिशी, टबात उभी राहिली
आणि रात्री निघते तशी बाहेर निघाली.
एक पाय. थांबली. हात भिंतीकडे गेला,
न शोधता गेला,
गाय गोठ्यात जाते तसा.

दिवा लावला.
तळव्याखाली फरशीवर
एक मळकट, गुळगुळीत डाग होता
तळव्याएवढाच,
एका दिवसाचा नव्हे.

मी टेप लावली. पंच्याऐंशी.
डागाबद्दल तिनं काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
भोकं पाडताना तिनं खाली वर्तमानपत्राचा द्रोण धरला,
तरी पांढरी धूळ तिच्या भुवयांवर बसली.

फोन वाजला. पडद्यावर त्सियाला, बारीच्या कुठल्याशा घरातून.
"लावला? लटकून दाखव."
आई लटकली. बऱ्यापैकी लटकली,
मलाच स्क्रूंची काळजी वाटली.
लेकीचा उजवा हात दिसत नव्हता.
मग फोन हलला तेव्हा दिसला:
एका परक्या म्हातारीच्या कोपराखाली.
ती म्हातारी आमच्याकडे बघून हसत होती,
तिला वाटलं असावं, तिच्यासाठीच चाललंय सगळं.

"तिच्या न्हाणीत आहे का असा?"
"आहे, आई."
"किती उंचीवर?"
"नाही मोजलं."
"चार वर्षं झाली तुला तिथे," नाझिब्रोला म्हणाली. "मोज."
आणि फोन ठेवून दिला, अगदी हळू,
काच तडकेल अशा बेतानं.

निघालो, तर माझ्यामागोमाग जिन्यापर्यंत आली.
सातव्यापासून सहाव्यापर्यंत कठडा नाही,
कुणीतरी कापून भंगारात विकला, त्या अंधाऱ्या हिवाळ्यांत.
तेव्हापासून पाव दोरीच्या टोपलीतून वर येतो
आणि ती खाली जात नाही.

"हा कोण लावणार?"
"हा नगरपालिकेचा."
"ते मला माहीत आहे," म्हणाली. "मोजून तरी ठेवू."

ती वरच्या पायरीवर बसली, टेपचं डबडं मांडीत घेऊन.
मी टोक धरून खाली निघालो.
नऊ, दहा, अकरा.
जिन्यातला दिवा मिनिटाचाच असतो,
तो विझला.

"धरलंयस ना?" वरून आवाज आला.
"धरलंय."
"ताणून धर. मधे झोळ पडतोय."