पाहुणा

रात्री साडेअकराला नगरपालिकेत जागे असे तिघंच:
मी, पहारेकरी एउतिमिओ,
आणि घंटाघरावर मधूनच चोच वाजवणारा
नुकता परतलेला करकोचा.

परवान्याचं बिल यंदा तिप्पट आलं, तेव्हा
महापौरबाईंनी चष्मा काढून विचारलं होतं,
"कासिल्दा, त्या खोक्यात आपलं नक्की काय आहे?"
म्हटलं, आतलं सगळं आपलं. खोकंही आपलं.
फक्त झाकण त्यांचं.
"आणि हा नवा? फुकट?"
मोकळा, म्हटलं. बाईंना फरक कळला नाही,
पण सही केली.

झाकली मूठ सव्वा लाखाची असते.
ही मूठ सताड उघडी.
कुरितिबाच्या कुणी, ओउलूच्या कुणी
झोप मोडून तिच्यात एकेक दाणा टाकलेला.
माझाही एक आहे त्यात:
सूचनेतला एक आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त केला,
तर कुणा अनोळख्यानं रात्री तीनला "आभार" लिहून पाठवलं.
आठवडाभर मी बाजारातून ताठ मानेनं चालले.

तळघरात थंडी. जुना सर्व्हर धापा टाकतोय.
त्याच्या पोटात अकरा पाहुणे,
दहा केव्हाच नव्या घरी गेले, पाणीपट्टी, ग्रंथालय, कुत्र्यांची नोंद.
उरलाय म्हातारा.
चौदाशे दिवस एकदाही न निजलेला,
आणि त्याच्याजवळ कब्रस्तानाची वही:
दोन हजार तीनशे चौदा कोनाडे,
कोण, कधीपासून, भाडं कुठवर भरलंय.
हेर्मिनिओनं लिहिलेला, वीस वर्षांपूर्वी, एकट्यानं.
एका ओळीवर त्याचीच टीप:
'ही का चालते मला ठाऊक नाही. हात लावू नका. मला विचारा.'

विचारणार कसं.

झोप, म्हटलं, आणि त्याला बंद केलं.
त्याची डिस्क नव्या साच्यात ओतायला चाळीस मिनिटं.
तोवर नव्या यजमानाला खोटं बोलायला शिकवत बसले:
याला तेच जुनं नेटवर्क कार्ड दाखव,
जे आता भंगारातही मिळत नाही;
तोच पत्ता, अक्षरही न बदलता;
विचारलंच, तर फ्लॉपीचा ड्राइव्हसुद्धा आहे म्हण.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे.
इथे घरच्या घर बदलायचं
आणि एकही वासा हलता कामा नये.

एउतिमिओ थर्मास घेऊन आला. कॉफीत थोडी अनीस.
"उठेल का?"
माहीत नाही.
"माझा बाप शस्त्रक्रियेला गेला तेव्हा डॉक्टरही असंच म्हणाला."
पुढचं त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काळा पडदा. पांढरी तिरीप. मग ओळीमागून ओळ,
जुन्या माणसाच्या खोकल्यासारखी, थांबत थांबत,
आणि शेवटी, हेर्मिनिओनं कधीकाळी ठेवलेलं स्वागत:
'शुभ सकाळ. कॉफी घेतलीस?'

घेतेय, मी मोठ्यानं म्हणाले.

तपासायला एक नाव टाकावं लागतं. कोणतंही चालतं.
मी त्याचं टाकलं.
कोनाडा चारशे सतरा. वरची रांग, स्वस्तातली.
नोव्हेंबरपासून. भाडं भरलेलं, दहा वर्षांचं.
पाव सेकंदात उत्तर. पूर्वी दोन लागायचे.
कुरकुर तो एरवी सगळ्यांसाठी करायचा,
हे त्याला आवडलं असतं.

घड्याळ एक तास मागे होतं, ते सरळ केलं.
त्या ओळीला हात लावला नाही.
फक्त त्याच्या टिपेखाली लिहिलं:
'मलाही ठाऊक नाही. क.'

मग जुन्याचं बटण दाबून धरलं.
पंखे एकेक करून थांबले,
आणि इतकी शांतता झाली
की जिन्यावरून एउतिमिओ घाबरून ओरडला,
"काय बंद पडलं?"

बिल, म्हटलं.
वर करकोच्यानं चोच वाजवली.