एल्फांच्या भाषेत नकुसा

सुभाषनगरात, चामड्याच्या वासात बसून
मी एल्फांची भाषा रचतो.
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर धातू:
'इल' म्हणजे साचलेलं पाणी,
'वेन' म्हणजे दगड काढून नेल्यावर उरतं ते.
रंकाळ्याला मी म्हणतो इल्वेन.
खरं सांगायचं तर आधी नाव सुचलं,
अर्थ मागनं पोचला, धापा टाकत.

पंचगंगा अजून अडलीय.
पाच नद्या एका श्वासात म्हणणारा स्वर
त्यांच्याकडे नाही.

समोर आत्या कापशीची वेणी वळते,
बोटांत भिजलेली वादी.
"माझं बघ की रं त्यात."

नकुसा.
चौथी मुलगी. अर्थ सगळ्या गल्लीला पाठ.

वही उलटीपालटी केली.
नको असण्यासाठी
धातूच केला नव्हता मी.
मग फोड केली दुसरीकडून:
'नक्' रात्र, 'उसा' जागी राहिलेली.
मधला दीर्घ स्वर झिजून गेला,
असंही टिपेत लिहिलं,
खोटं वाटू नये म्हणून.

आत्यानं वादीचं टोक दातात धरून ओढलं.
"बरं हाय," म्हणाली,
"रेशनकार्डावर चालंल न्हवं?"