दहा हजार वर्षांची पाटी

अर्जंट आहे, म्हणाला ज्युनिअर इंजिनिअर,
जीपमधून न उतरता.
सहा बाय चार, लोखंडी पत्रा, दोन्ही अंगाला प्रायमर.
बोरगुंडीच्या जुन्या खाणीत काहीतरी पुरलंय,
शिशाच्या डब्यात, सिमेंटच्या पोटात.
त्याच्यावर लावायची.
धोका. खणू नये. थांबू नये.
अट एकच:
दहा हजार वर्षं वाचता आलं पाहिजे.

मी विचारलं, साधा ऑइल पेंट चालेल?
तो हसला नाही.

मी नरसप्पा येमूल. साखर पेठेत दुकान.
बाप मागावर टॉवेल विणायचा.
मी चाळीस वर्षं या गावाच्या भिंतींवर शब्द दिले,
माझे नव्हेत, त्यांचे.
'रोज पाणी' मी सात निवडणुकांना लिहिलंय,
सातदा त्यावर चुना मारलाय, याच हातानं,
आणि घरी नळ सहाव्या दिवशी, रात्री दोनला.
चुन्याच्या आत ते सगळं अजून आहे.
भिंतीला ओल आली की पोपडा सुटतो
आणि वर येतं एखादं 'रो',
एखादं 'णी', कुणाचा तरी अर्धा चष्मा.

तेव्हा भांडणं व्हायची ती नावावरून.
दादांपेक्षा साहेब दोन बोटं मोठे का?
मुतारीवरसुद्धा 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'.
म्हणून विचारलं,
या पाटीवर खाली कुणाचं नाव टाकू?

इंजिनिअर म्हणाला, वर विचारतो.
वर म्हणाले जिल्हा. जिल्हा म्हणाला मुंबई.
मुंबईनं दिल्लीचा नंबर दिला,
तो लागला, आणि वाजत राहिला.
आमदारांचा पीए म्हणाला, कसली खाण बे?
शेवटी कागद आला. नावाच्या जागी
'आदेशावरून'.
कुणाच्या, ते नाही.

रविवारी कुडलला गेलो, भीमा-सीनेच्या संगमावर.
तिथं देवळाच्या तुळईवर आपल्या भाषेतली एक ओळ आहे,
हजार वर्षांची.
मान मोडेस्तोवर बघितलं.
सोबत मास्तर नसता
तर मला वाटलं असतं, दगड खरचटलाय.
वाचेल तो जिंकेल, असा काहीसा अर्थ, मास्तर म्हणाला.
हजारात एवढं झिजलं.
मला नेमकं उलटं लिहायचं होतं,
वाचेल तो माघारी फिरेल,
आणि दहापट टिकवायचं होतं.

कवटी काढावी तर
कवटी डीपीच्या डब्यावरही असते,
तिथं पोरं खडूनं स्टंप आखतात.

शेवटी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू,
आणि मधे एक माणूस,
खाणीकडं पाठ करून निघालेला.
पोरगी म्हणाली, पप्पा,
हा आपल्या नगरसेवकासारखा चालतोय.
राहू दिला.

बिल अजून निघालं नाही.

फक्त सवयीनं, उजव्या कोपऱ्यात,
बारीक लाल अक्षरांत
मी येमूल आर्ट्स टाकलं
आणि मोबाईलचे दहा आकडे.

परवा रात्री फोन वाजला.
मी बिराप्पा ओ, बोरगुंडीचा, मेंढरंवाला.
पाटीच्या बुडातून पाणी झिरपतंय.
वास नाही, रंग नाही,
पण मेंढरं तोंड लावीनात.
कुणाला विचारू?
पाटीवर नाव तुमचंच आहे.

मी नुसता पेंटर आहे, म्हणालो.

ते दिसतंयच की ओ.
पण उचलला तुम्हीच.

दुकानात अंधार होता, टर्पेंटाइनचा वास होता.
पाणी कुठल्या अंगाला चाललंय, मी विचारलं.
बराच वेळ त्याच्या मेंढरांची
घुंगरं तेवढी ऐकू येत होती.
मग म्हणाला,
सीनेकडं.