कंसात कोंढवा

खराडीत, अकराव्या मजल्यावर,
रात्री पावणेदहाला मी एक ओळ काढली.
शाकीर तांबोळीचं मशीन आता माझ्याकडे आहे.
ओळीत पत्ता होता त्याच्या घरच्या मशीनचा,
आणि तिथून कधीचं कुणी ओ देत नव्हतं.

ओळ गेली. मथळा राहिला.
चौकोनी कंसात कोंढवा,
खाली काही नाही,
मग थेट पुढचा कंस.

गिटची जुनी आवृत्ती असंच करायची.
सामान हलवायची, चौकट ठेवून जायची.
पुन्हा सामान आलं
की त्या चौकटीकडे ढुंकूनही न बघता
फाइलच्या तळाशी नवी चौकट ठोकायची,
त्याच नावाची.
मोहोळकर मॅडमच्या फाइलीत मी एकदा
एका नावाचे सात मथळे मोजले होते.
सहा रिकामे.
चालत होतं सगळं,
म्हणून तर कुणी पाहिलं नाही.

नवी शहाणी आहे.
विभाग ओस पडला की मथळाही पुसते.
फक्त जवळपास कुणाचा शेरा नको.
# ने सुरू होणारी एक ओळ दिसली
की हात मागे घेते.
शेरा तिला वाचता येत नाही.
कुणीतरी माणसांसाठी काही लिहिलंय,
एवढंच तिला कळतं,
आणि ते कशाबद्दल आहे हे ठरवायला
ती धजत नाही.

आमच्याकडे नवीच आहे.
मंगळवारी मीच चढवली.
मग हा मथळा का राहिला?
म्हणून एक ओळ वर गेलो.

# घरचं मशीन कॅम्पात दुरुस्तीला. काढू नका, दोन दिवसांत येतं. – शा.

दोन दिवस कधीपासूनचे?
सगळ्यांचा इतिहास ठेवणारं हे हत्यार
स्वतःच्या या फाइलीचा इतिहास ठेवत नाही.
कुणी, कधी, कुठल्या वारी,
विचारायला जागा नाही.
शाकीरचा नंबर आहे माझ्याकडे.
पावणेदहाला हे विचारायला फोन करायचा?

खाली मुळा-मुठेच्या काठाने
एक टँकर मागे मागे येत होता,
त्याचा तो पिक-पिक आवाज
काचेतूनही येत होता.

दोन ओळी हाताने पुसायच्या, संपलं.
कर्सर नेऊन ठेवला
‘येतं’च्या पुढच्या टिंबावर.
मग एंटर मारून
खाली लिहिलं:

# अजून आलेलं नाही. – ऋतुपर्ण

जतन केलं.
आता एकाचे दोन शेरे झाले.
हा मथळा आता
कुठलीच आवृत्ती काढणार नाही.