सात जास्तीचे

पुण्यात सर त्याला ‘ऑगर’ म्हणायचे.
शारजात आले, तर लेबनीज विभागप्रमुखांनी दुरुस्त केलं:
नाव फ्रेंच आहे, मॅडम. ओझे.
मी हसले. का, ते त्यांना कळलं नाही.

ओझे इलेक्ट्रॉन.
वजन म्हणाल तर नसल्यातच जमा.

आत, अगदी आतल्या घरात
केंद्रक एक इलेक्ट्रॉन गिळून टाकतं.
आयोडीन होतं, ते टेल्युरियम होतं.
रिकाम्या जागी वरचा कुणी उतरतो
आणि उतरताना वाचलेली शक्ती
शेजाऱ्याच्या हातावर ठेवून म्हणतो, नीघ.

नसरुलला हे सांगितलं तर म्हणाला,
"मॅडम, ये तो हमारी कंपनी है."

नसरुल सिल्हेटचा. पंप, झडपा, गळती, सगळं त्याच्याकडे.
कक्ष त्यानं अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळला,
डब्यातल्या पोळ्या गुंडाळाव्यात तसा,
आणि दोन दिवस दीडशे अंशांवर शेकला,
बाहेर शेहेचाळीस असताना.
भिंतींना चिकटलेलं पाणी सुटायला हवं, शेवटच्या रेणूपर्यंत.
या किनाऱ्यावर कोरडं राहायचं
म्हणजे समुद्राशी रोजचं भांडण.

स्रोत सोन्याच्या पत्र्यावर,
एका थराहूनही विरळ. डोळ्याला नुसतं सोनंच.
जाड लेप चालत नाही:
इलेक्ट्रॉन बाहेर येता येता
वाटेतल्या प्रत्येकापाशी थोडं थोडं सांडतो,
मग निघताना किती होतं
ते त्यालाही सांगता येत नाही.

तीन रात्री मोजलं.
व्होल्टेज एक पायरी वर. थांब. मोज.
पुन्हा एक पायरी.
रेषा उगवली, टोकदार, देखणी,
पण तक्त्यापेक्षा सात इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर.
बावीस हजारांत सात! कोण विचारतं?
मी विचारलं.
मीटर बदलला. अर्थिंग उकरलं.
नसरुलनं सांध्यासांध्यावर हेलियम फवारला,
कान देऊन ऐकावं तसा काट्याकडे बघत बसला.
सात म्हणजे सातच.

फजरची अजान झाली तेव्हा
एसीच्या घरघरीत मला ते दिसलं.
तक्ता जन्मजात टेल्युरियमचा.
आमचा अणू क्षणापूर्वीपर्यंत आयोडीन होता.
गाभा बदलला,
पण बाहेरचा एक जास्तीचा इलेक्ट्रॉन
अजून अंगावर तसाच.
उतरवायला सवडच मिळाली नाही त्याला.
सात त्याचे.

कप विसळता विसळता नसरुलनं ऐकून घेतलं.
"सोळा वर्षं झाली," म्हणाला,
"गावी मला शारजावाला म्हणतात.
इथे बंगाली."
मग खिशातून चौघडी केलेला कागद काढला.
वरच्या मजल्यावरचा माणूस
सोमवारपासून खाली येतोय, त्याच्या शेजारच्या टेबलावर.
व्हिसा रद्द. साठ दिवस.

"आपल्या स्रोताचं अर्धं आयुष्यही साठच ना?"
"एकोणसाठ पूर्णांक चार," मी म्हणाले,
आणि म्हणून झाल्यावर
जीभ चावली.

नोंदवहीत दुरुस्तीचा रकाना असतो.
मी तो कोरा सोडला.
सात राहू दिले.

जिन्यात त्यानं विचारलं,
त्या दिवशी तुम्ही का हसलात, त्या नावावर?
मी अर्थ सांगितला. बोझा.

"तीस किलो, मॅडम," तो म्हणाला.
"त्याच्या वर नेऊ देत नाहीत."