नमुना ग्राहक

रुवीत सोनारांची ओळ संपते तिथे
दाऊदचाचा हुर्जुकांचं दुकान, आठ बाय बारा.
तिरफळं, कोकमं, कुळथाचं पीठ.
सुक्या बांगड्यांचा वास दाराआधी भेटतो.
पाटीवर नाव मात्र खमीस बिन कुणाचंतरी;
ते वर्षातून एकदा येतात, सही करतात,
डबाभर खजूर ठेवून जातात.

रात्री दहाला शटर अर्धं ओढून
मी पोत्यावर बसते, मांडीवर लॅपटॉप.
आठ वर्षांनी उघडलेली काळी खिडकी.
एक ओळ लिहिली आणि उतरू लागलं
अख्खं दुकान,
कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी
आपापली झोप मोडून रचलेलं:
फळ्या, गल्ला, टोपली, पावती.

"भाडं किती?"
भाडं नाही, चाचा.
"पागडी?"
तीही नाही.
"मग मालक कोण गो?"
मी परवाना वाचून दाखवते, जमेल तसं मराठी करत:
घ्या, उघडा, मोडा, बदला, वाटा.
आहे ते असं आहे. हमी कुणाचीही नाही.

चाचा बराच वेळ वजनाच्या काट्याकडे बघत राहिले.
सत्तावीस वर्षांत या मुलखात
कुणी त्यांना जामिनाशिवाय उभं केलं नव्हतं.
त्यांचे कफील खमीस.
माझा कफील माझा नवरा;
माझ्या व्हिसावर शिक्का आहे, नोकरीस परवानगी नाही.
तेव्हा हे काम नव्हेच.
ही तिरफळांच्या एका पुडीपोटी केलेली बडबड आहे.

पहिली अडचण टिंबाची.
रियालात हजार बैसे, टिंबापुढे तीन घरं,
आणि ज्यांनी हे दुकान बांधलं
त्यांच्या देशात नाणं मोडलं की शंभरच तुकडे.
तीनशे पंच्याहत्तरचं पीठ
पडद्यावर तीनशे ऐंशीचं झालं.
चाचा ताडकन उठले:
"हे वरचे पाच बैसे कुणाचे?"
मी आत शिरले. फाइलीत फाइल, तिच्या पोटात आणखी एक.
एका ओळीच्या डोक्यावर कुणीतरी लिहून ठेवलेलं,
'हे असं का, मलाही कळलेलं नाही. काढू नका.'
मी काढलं.
काहीच कोसळलं नाही.
पाच बैसे ज्याचे त्याला परत गेले
आणि माझी बोटं, जी मला वाटलं होतं
पोळ्या लाटण्यापुरतीच उरली,
थांबायला तयार होईनात.

मग पत्ता. पिनकोडाशेजारी तांबडी चांदणी,
भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.
इथे पिनकोड कुणाला पाठ आहे?
चाचांच्या वहीत पत्ते असे:
बरका, पंपामागे, निळी टाकी, नर्स.
सोहार, तोंडवळकरीण, फोन केला की खाली येते.
सूर, बोटदुरुस्तीवाला, जिना मोडका, हाक मारावी.
मी चांदणी पुसली.
तिच्या जागी एक रकाना केला: 'खूण काय?'

साडेबाराला फक्त झाडलोट उरली.
नव्या दुकानात नमुन्याचा माल असतो,
तीन टी-शर्ट, एक कप,
आणि नमुन्याचा एक ग्राहक, खोटं नाव, खोटी गल्ली,
खोटीच ऑर्डर, क्रमांक एक.
कप गेला, टी-शर्ट गेले.
माणसावर बोट ठेवलं तसा चाचांनी माझा हात धरला.
"ऱ्हाऊ दे. बोहनीचं गिऱ्हाईक हाय."
चाचा, तो नाहीये. असा कुणी नसतोच.
"नसू दे. रातच्याला आपल्या दारात आला ना?"

उधारीची वही उघडली.
कानावरची पेन्सिल काढून, जिभेला लावून
त्यांनी नवं पान घातलं.
नाव मला विचारून विचारून, एकेक अक्षर.
माल: टी-शर्ट एक, नग.
गाव: माहीत नाही.
खूण: माहीत नाही.
येणे बाकी, आणि पुढे टिंब,
टिंबापुढे नीट
तीन घरं.