ठोकून पाहणं

सुकती लागली की कळव, म्हटलं होतं.
हेमनाथचा फोन पहाटे पावणेपाचला.
दिवाळ्याच्या जेट्टीपलीकडे चिखलात
ती एका कुशीवर पडलेली,
तीन वर्षं न हललेली,
बुडाशी तिवराचं एक रोप, चांगलं गुडघाभर.

आधी मी काहीच करत नाही.
बिडी न पेटवता ओठांत धरून एक फेरी मारतो.
मग नाळेशी उकिडवा बसून
एक डोळा मिटून मागे बघतो :
कणा सरळ आहे, की पाठ वाकलीय
फार वेतं झालेल्या म्हशीसारखी.
वाकलीय. दोन बोटं.
दोन बोटं चालतात.

मग हातोडी. बापाची, पितळी तोंडाची.
फळीला मारायचं नसतं, विचारायचं असतं.
टण्ण म्हणाली तर पुढे.
भद्द म्हणाली तर खडूची फुली.
हेमनाथ माझ्या तोंडाकडे बघत नाही,
खडूकडे बघतो.

पाण्याखालच्या फळ्या टण्ण. टण्ण. टण्ण.
फुल्या सगळ्या वर,
केबिनच्या कडेला, डेकच्या सांध्यांत,
जिथे पावसाळ्याचं पाणी साचून राहिलं.
"खाडीनं खाल्ली," तो म्हणतो.
खाडी नाही खात रे.
किडा खातो, त्याची भोकं मी मोजली,
सुकाणूत अकरा.
पण खारं मुरलं की लाकूड लोणच्यासारखं टिकतं.
कुजवतं ते गोडं पाणी.
तो यावर काही बोलत नाही.
तीन वर्षांपूर्वी तिला काठाला लावणारा तोच.

बाजूला फायबरच्या चार नव्या.
सहज एकीवर टिचकी मारली,
बादली बोलली.

आत उतरलो.
इंजिन दोन सिलिंडरचं, गंजून एकजीव,
पंख्याचा शाफ्ट हातानं फिरत नाही.
पण जिथे जिथे ते गळलं,
ज्या गळतीवरून याच्या बापानं
तीन मिस्त्री बदलले,
तिथलं लाकूड काळं, तुकतुकीत, सुरी शिरत नाही.
आणि जिथे कुणी शहाण्यानं
तळाला सिमेंट ओतून गळती "बंद" केली होती
तिथे सुरी मुठीपर्यंत गेली.
वाक चुरा होऊन हातात आला,
भिजल्या भुशासारखा.
मी तो तसाच मूठभर वर दाखवला.
हेमनाथ खाली बसला.

"होईल का?"
वाक नऊ बदलावे लागतील. डेक सगळा.
कलाफत नव्यानं, कापूस आणि राळ,
सिमेंट छिन्नीनं एकेक कवडी काढून.
इंजिन भंगारात.
आकडा मी सांगितला नाही.
आधी तीन भरत्या तिला पाण्यात राहू दे,
लाकूड फुगू दे, मग बोलू.
असं मी सगळ्यांना सांगतो.
काहींचं लाकूड फुगतं. काहींचं धैर्य आटतं.

निघताना सहज, डाव्या अंगाची
कण्यापासून चौथी फळी आतून पुसली.
सगळ्या बोटीत तिच्यासारखा टण्णकारा नाही.
टॉर्च धरला. लाकडात कंपासनं कोरलेलं :
हि. ध.
आणि शेजारी, मोडका, एक मासा.

"आपल्यात कोण हि. ध.?" हेमनाथ.
मला काय ठाऊक.
जेट्टीवर निवट्यांची टोपली पुढ्यात घेऊन
त्याची आई बसली होती, तिला हाक मारली.
ती कमरेइतक्या चिखलातून आली,
कुणी हात दिला तो न घेता.
वाकून बघितलं. बोट फिरवलं माशावरून.

"हिरा धर्मा. मीच ती.
चवथीतला बाक हाय ह्यो माजा.
बाईंनी दोन छड्या दिल्या व्हत्या ह्या माशापायी."
शाळेचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा
नवऱ्यानं बाक घेतले, सहा.
तिला सांगितलं नव्हतं.
त्यालाही ते अक्षर दिसलं असेल का,
की रंधा मारताना उलटी बाजू वर होती,
कोण जाणे.

"बाकीचे पाच कुठे बसवले?"
तिला माहीत नाही.
पाणी चढू लागलं होतं, घोट्यापर्यंत.
हेमनाथनं टॉर्च धरला.
मी हातोडी घेऊन पुन्हा
नाळेपासून सुरुवात केली.